मोठ्या विद्यार्थ्यांचा वर्ग जागा कसा ठेवता? अनुभव लिहा

रात्रशाळेत गणित शिकवायला लागून मला दोन महिने झाले. वर्गात 17 पासून 46 वयापर्यंतची मंडळी, कुणी दिवसभर कुरियर टाकून आलेलं, कुणी कँटीनमध्ये उभं राहून. साडेसातला समीकरण मांडतो आणि पावणेआठला मागचा बाक पेंगलेला. 'समजलं का' विचारलं की एका सुरात 'हो सर', आणि पेपर कोरा. 1855 मध्ये जोतिबा-सावित्रीबाईंनी शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली, त्यांनी कसं निभावलं कोण जाणे. तुम्ही काय करता? पुस्तकी नको, स्वतःचं सांगा.

खडूताई :
आधी 'समजलं का' बंद करा हो. मोठा माणूस नाही म्हणतच नाही, शेजारी त्याच्याच गल्लीतला बसलेला असतो. मी 'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता योजनेच्या वर्गात आज्यांना शिकवते. पहिले तीन आठवडे सगळ्या माना खाली घालून गप्प, मला वाटलं लाजतायत, मग एकीने सहज माझा चष्मा डोळ्याला लावून बघितला आणि ओरडलीच, अगं बाई दिसतंय की! नऊपैकी सहाजणींना जवळचं दिसत नव्हतं आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. चष्मे झाल्यावर अ-आ-इ बाजूला ठेवून एसटीच्या पाट्या घेतल्या, कारण प्रत्येकीला माहेरच्या गावाचं नाव वाचायचं होतं. तोंडी हिशोबात तर त्या मला हरवतात. 17 मार्च 2024 ला चाचणी झाली, 150 गुणांची, वाचन-लेखन-संख्याज्ञान 50-50. एक आजी नातवाच्या लग्नातलं लुगडं नेसून आली आणि लिहून झाल्यावर पेपर द्यायलाच तयार नाही, म्हणे घरी दाखवून आणते.

बांधावरचा :
आमच्याकडे कपाशीची शेतीशाळा असते. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला की पंधराव्या मिनिटाला घोरणं सुरू, तेच लोक शेतात नेले की ऐकत नाहीत, भांडतात! मी प्रत्येकाला 20 हिरवी बोंडं तोडून फोडायला लावतो, दोनात गुलाबी अळी निघाली तर 10 टक्के, म्हणजे फवारणीचा विचार करायची पातळी आली. मी आकडा सांगत नाही, तेच मोजतात. एकदा एका काकांनी माझ्यासमोर विसाची पंचवीस बोंडं फोडली आणि म्हणाले साहेब तुमचं गणित चुकतंय, शेताच्या कडेची बोंडं आणि मधली वेगळी निघतात. बरोबर होतं त्यांचं, तेव्हापासून आम्ही शेतभर फिरून बोंडं घेतो.

डेरडीडास :
पुण्यात जर्मन शिकवते. सगळ्यात अवघड विद्यार्थी म्हणजे ऑफिसातला मोठा साहेब, चुकायला लागू नये म्हणून बोलतच नाही. पहिल्याच तासाला मी विचारते, मराठीत ढेकर आला की आली? झालं, कॉलेजची पोरगी आणि साहेब दोघं तावातावाने भांडतात. मग तीन लिंगं जर्मनमध्येही आहेत म्हटलं की कुणी घाबरत नाही, आणि मुलगी तिकडे नपुंसकलिंगी म्हटल्यावर तर वर्ग डोक्यावर घेतात.

मागचा बाक :
मी शिकवत नाही, शिकतो, म्हणून उलट सांगतो. ट्रेनिंगला चेंडू फेकून आवडता प्राणी सांगायला लावू नका प्लीज. 22 वर्षं नोकरी झाली आणि मी सगळ्यांसमोर 'हत्ती' म्हणालो. त्यानंतर दिवसभर कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

(पुन्हा मीच)
हत्तीला हसलो, सॉरी. काल टक्केवारी होती, म्हटलं पगाराच्या स्लिपा आणा. बेसिक आणि डीएच्या 12 टक्के पीएफ स्वतः काढायला लावला, साडेनऊ वाजून गेले तरी कुणी उठेना, शिपाई कुलूप घेऊन दारात. एकाचा कापलेला आकडा जुळतोय पण फोनवर बघितलं तर गेले चार महिने खात्यात भरणाच दिसत नाहीये. उद्या तो आणखी दोघांना घेऊन येणार आहे. इथे पीएफचं नीट कळणारं कुणी आहे का?