नागपूरची वृत्तपत्रं 1911 पासूनच मोजायची का?

महालकर:
परवा बर्डीवर एका कार्यक्रमात वक्ते सहज बोलून गेले, ‘नागपुरात खरी पत्रकारिता सुरू झाली ती 1911 ला, हितवाद निघाला तेव्हा.’ टाळ्याही पडल्या. मला काही ते पचलं नाही, म्हणून इथे मांडतो.

हितवाद निघायच्या आधीची चार वर्षं बघा. 1907 ची काँग्रेस नागपूरला भरायची होती. इथे जहाल आणि मवाळ असे भिडले की अधिवेशन उचलून सुरतेला न्यावं लागलं. त्याच वर्षी 13 एप्रिलला माधवराव सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला, म्हणजे टिळकांचा केसरी हिंदीत. मराठीत ‘देशसेवक’ होता. पुढे सरकारने दोन्हीकडे राजद्रोहाचा बडगा उगारला. 1908 मध्ये सप्रे पकडले गेले, देशसेवकचे अच्युत बळवंत कोल्हटकरही तुरुंगात गेले. 1910 ला नवा प्रेस कायदा आला. मग 1911 ला गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा हितवाद, तोही इंग्रजीत.

बोलणाऱ्यांना दंडाला धरून बाहेर काढायचं आणि मग म्हणायचं, ‘बघा, सभा आत्ता कुठे सुरू झाली!’ यातला प्रकार.

धंतोलीवाला:
कोण किती वेळा आत गेलं याची यादी म्हणजे वृत्तपत्राचा इतिहास नव्हे. उद्याही दारात पडतं ते वृत्तपत्र. कागद, शाई, पोस्टाची तिकिटं, कामगारांचा पगार हे महिन्याच्या महिन्याला भागवायचं, हाही पराक्रमच आहे, फक्त त्यावर पोवाडे होत नाहीत. हितवाद आजही निघतो. तुमची दोन्ही पत्रं आज कुठे आहेत?

आणि सप्रे माफीनामा लिहून सुटले, तेवढं वाक्य बरं सोयीने गळलं!

महालकर:
गळलं नाही, लिहायचं जिवावर आलं. पण काढलंच आहे तर पूर्ण सांगा. त्या माफीचा सल त्यांना फार लागला. कितीतरी दिवस विरक्तासारखे राहिले. दासबोध हिंदीत नेला आणि 1916 ला गीतारहस्य. माफी मागून सुटलेल्या माणसाने मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ग्रंथ हिंदीत उतरवला. मला तरी त्यात पळपुटेपणा दिसत नाही.

कोल्हटकरांचंही तसंच. मुंबईला जाऊन 1915 ला ‘संदेश’ काढला आणि ‘वत्सलावहिनींची पत्रे’ लिहून मराठी वाचकाला पेपर चवीने वाचायला लावलं. त्याआधी ते नागपुरात होते, हे आपल्यालाच आठवत नाही. टिकण्याचं म्हणाल तर हितवादच्या पाठीशी एक संस्था उभी होती. गोपाळराव ओगल्यांनी 1914 ला इथेच नागपुरात ‘महाराष्ट्र’ हे पत्र काढलं, त्यांच्यामागे कोण होतं?

उलटे खिळे:
मी दोघांच्याही बाजूचा नाही. माझे वडील इतवारीतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर लावणारे. इंग्रजीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीत, घरं मोजकी. मराठीत अक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, वर मात्रा, वेलांट्या. डाव्या हातात ओळ लावायची स्टिक, उजव्या हाताने एकेक खिळा वेचायचा, आणि ओळ वाचायची ती उलटी. रफार म्हणजे नाजूक काम, टोक तुटलं की ‘कर्म’चं ‘कम’. चुकलेलं प्रूफ वडील घरी आणायचे, मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही गणितं करायचो.

सांगायचं इतकंच, की मराठी पत्राला पानामागे जास्त हात लागत. ‘टिकलं’ आणि ‘नाही टिकलं’ म्हणताना हेही धरा.

पाचपावली:
भाऊ, तुमचं जहाल-मवाळ वाड्यातल्या वाड्यातच चाललं आहे. जरा बाहेर या ना!

किसन फागूजी बनसोडे. जन्म 1879, आपल्या नागपूरजवळच्या मोहपा गावचे. 1907 ला, म्हणजे तुमची काँग्रेस भांडत होती तेव्हा, या माणसाने नागपुरात मुलींची शाळा काढली. 1910 ला स्वतःचा छापखाना. त्यातून ‘निराश्रित हिंद नागरिक’, 1913 ला ‘विटाळ विध्वंसक’, 1918 पासून ‘मजूर पत्रिका’. बाबासाहेबांचा मूकनायक 1920 चा, हे लक्षात घ्या. आणि नव्या छापखान्याकडून 500 ते 2000 रुपये जामीन मागायची सोय करणारा कायदा त्याच 1910 सालचा! अस्पृश्य मानलेल्या माणसाने तेव्हा छापखाना घालायला केवढी छाती लागली असेल?

एम्प्रेस मिल 1877 पासून धडधडत होती. तिथल्या कामगाराला कोणता पेपर आपला वाटला असता? इंग्रजी हितवाद, की मजूर पत्रिका? त्या वक्त्यांना विचारा.

धंतोलीवाला:
बनसोड्यांचं मान्य. मला यातली दोनच नावं माहीत होती, हेही कबूल. पण मुद्दा सोडत नाही. एकाच नावाने सलग शंभरावर वर्षं चाललेलं म्हणाल तर 1911 च.

महालकर:
‘सलग’ म्हणा, माझी हरकत नाही. माझी हरकत ‘सुरू झाली’ला आहे.

पाचपावली, मजूर पत्रिकेचा एखादा अंक प्रत्यक्ष पाहिला आहे का तुम्ही?

पाचपावली:
नाही ना. एका जुन्या वाचनालयात तिसऱ्यांदा जाऊन आलो. फाईल आहे म्हणतात, पण कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस रजेवर. सोमवारी परत जातो, येता का?

महालकर:
येतो. अकरा वाजता?

धंतोलीवाला:
मीही येतो. हितवादच्या जुन्या फाईली त्याच कपाटात निघाल्या तर मात्र हसू नका.