शब्दचर्चा : युती, आघाडी आणि पैरा

प्रश्न : बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी निवडणुकांवरील टिपणे मराठीत लिहिताना एका ठिकाणी अडलो आहे. दोन पक्षांची ती युती आणि दोनहून अधिक पक्षांची ती आघाडी, असे मला शाळेत सांगितले गेले होते. पण ते मान्य केले तर तीन पक्षांच्या आजच्या महायुतीला काय म्हणायचे, हे कळत नाही. शिवाय आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात निवडणूक आली की या दोन्ही शब्दांपेक्षा ‘पैरा’ हाच शब्द अधिक ऐकू येतो. तो टिपणांत घ्यावा की बोलीतला म्हणून गाळावा?

उत्तर : शाळेत सांगितलेला नियम ऐकायला नेटका आहे, परंतु वापराने तो कधीच पाळलेला नाही. ‘युती’ या शब्दामागे जोडणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे आणि पंचांगात दोन ग्रह एकत्र आले की आजही ‘युती’च म्हणतात; दोनाची कल्पना तेथून आली असावी. ‘आघाडी’चे कूळ निराळे आहे. तो पुढच्या बाजूचा, म्हणजे लढाईत तोंडावर असणाऱ्या फळीचा शब्द आहे. घोड्याच्या पुढच्या व मागच्या पायांना बांधायच्या दोरांनाही अगाडी-पिछाडी म्हणत. त्यामुळे जोडले जाणे हा युतीचा मूळ अर्थ, तर एका फळीत उभे राहून समोरच्याशी लढणे हा आघाडीचा. संख्येचा संबंध दोन्हींकडे नाही.

मात्र महाराष्ट्रात हे शब्द अर्थापेक्षा नावे म्हणून अधिक रुजले. 1989 च्या सुमारास शिवसेना आणि भाजप एकत्र आले आणि 1995 मध्ये मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे सरकार आले, तेव्हापासून नुसते ‘युती’ म्हटले तरी हेच दोन पक्ष डोळ्यांसमोर येऊ लागले. 1999 मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी परस्परांविरुद्ध लढले व निकालानंतर एकत्र येऊन त्यांनी लोकशाही आघाडीचे सरकार स्थापन केले. तेव्हापासून ‘आघाडी’ त्या बाजूची झाली. ही आघाडी मुख्यतः दोन पक्षांची होती, याकडे लक्ष द्यावे. म्हणजे शाळेतला नियम 1999 मध्येच मोडला होता; महायुतीने तो दुसऱ्या टोकाकडून मोडला इतकेच.

यावर कोणी म्हणेल की युती भाजपच्या बाजूची आणि आघाडी काँग्रेसच्या बाजूची, असाच नियम करून टाकावा. तोही दिल्लीत टिकत नाही. भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडी आणि काँग्रेसप्रणीत संयुक्त पुरोगामी आघाडी या दोन्ही मराठी वृत्तपत्रांत आघाड्याच होत्या, आणि त्यांची ‘रालोआ’ व ‘संपुआ’ ही लघुरूपे वाचकांनी विनातक्रार स्वीकारली. एकच पक्ष मुंबईत युतीत आणि दिल्लीत आघाडीत असतो आणि मराठी वाचकाला त्यात काहीही खटकत नाही, हे मला या सगळ्यातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

या दोन शब्दांत एक खरा फरक आहे, पण तो कोशात नसून कायद्यात आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या (महापालिका, जिल्हा परिषद इत्यादींच्या) सदस्यांच्या अनर्हतेविषयीचा, म्हणजे अपात्रतेविषयीचा, महाराष्ट्राचा 1986 चा जो अधिनियम आहे, त्यात ‘आघाडी’ची व्याख्या केलेली असून अधिनियमाच्या इंग्रजी पाठातही हाच मराठी शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. स्थानिक निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा गट, असा त्याचा आशय आहे. म्हणजे येथे आघाडी पक्षांची नसते, माणसांची असते, आणि जवळजवळ स्वतंत्र पक्षासारखीच वागवली जाते. कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. महापालिकेत ताराराणी आघाडी नावाने निवडणूक लढवली गेली आहे, आणि निकालानंतर नगरसेवक गटनोंदणीसाठी पुण्याच्या विभागीय आयुक्त कार्यालयात जातात, ते याच कायद्यामुळे. 2015 मध्ये भाजप आणि ताराराणी आघाडी एकत्र लढले, तेव्हा एका पक्षाची एका आघाडीशी युती झाली होती, असे म्हणावे लागते आणि ते मराठीत पूर्णपणे शुद्ध आहे.

क्रियापदेही पाहावीत. युती होते, जुळते आणि तुटते. आघाडी होते, उघडली जाते, घेतलीही जाते, आणि शेवटी फुटते किंवा तिची ‘बिघाडी’ होते. 25 सप्टेंबर 2014 रोजी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर एकाच दिवशी शिवसेना-भाजप आणि काँग्रेस-राष्ट्रवादी वेगळे झाले. त्या घटनेचे वर्णन करताना मी ‘युती तुटली आणि आघाडी फुटली’ असे लिहीन, याच्या उलट लिहिणार नाही. आपणही मनातल्या मनात म्हणून पाहा. ‘आघाडी तुटली’ चालून जाते, ‘युती फुटली’ कानाला लगेच टोचते.

आघाडीची अडचण मतमोजणीच्या दिवशी येते. ‘तिसऱ्या फेरीअखेर आघाडीची आघाडी’ असे मथळे त्या दिवशी हमखास दिसतात. टिपणांत मतांच्या बाबतीत ‘पुढे’ किंवा ‘मताधिक्य’ हे शब्द वापरावेत, असे मी सुचवेन. मात्र मताधिक्याच्या जागी ‘बहुमत’ लिहू नये. आपल्या पद्धतीत उमेदवाराला निम्म्याहून अधिक मते मिळावीच लागत नाहीत, इतरांहून अधिक मिळाली की पुरे. म्हणून ‘वीस हजारांच्या बहुमताने विजयी’ हा प्रयोग सदोष आहे. बहुमत सभागृहात लागते, विधानसभेत 288 पैकी 145 आणि लोकसभेत 543 पैकी 272. एकट्या पक्षाला हा आकडा अनेकदा गाठता येत नाही, म्हणून तर युती आणि आघाडी या शब्दांना इतके काम पडते.

दुसरे उत्तर : वरील विवेचन मान्य आहे, ‘पैरा’बद्दल मात्र आम्हा करवीरच्या माणसांनी सांगायला हवे. पैरा हा शेतातला शब्द आहे. माझ्या भावजयीने शेजारणीच्या उसात दोन दिवस भांगलण केली, म्हणजे तण काढले, की शेजारीण आमच्या शेतात दोन दिवस येते. मजुरी द्यायची नाही, जेवण घालायचे नाही, फक्त दिवसाला दिवस फेडायचा. बैलाचाही पैरा असतो. इर्जिक याहून वेगळे. तेथे सारा गाव एकाच्या शेतात उतरतो आणि तो सर्वांना जेवू घालतो, हिशेब राहत नाही. पैऱ्यात हिशेब राहतो, आणि न फेडणारा माणूस पुढच्या हंगामात एकटा पडतो.

राजकारणात हा शब्द नेमका याच अर्थाने गेला. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत आघाडीचे अधिकृत उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक होते, तरीही काँग्रेसचे सतेज पाटील यांच्या गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेचे संजय मंडलिक यांच्या बाजूने काम केले आणि मंडलिक निवडून आले. याला युती म्हणता येत नाही, कारण पक्षांनी ती केलेली नव्हती. आघाडी तर समोर उभी होती. ‘बंडखोरी’ही नव्हे, कारण कोणी अर्ज भरला नव्हता. अशा वेळी लोकसभेला केलेली मदत विधानसभेला, दूध संघाला किंवा जिल्हा बँकेला परत मिळण्याची अपेक्षा असते आणि तिला इथला माणूस ‘पैरा’ म्हणतो. पक्षांपेक्षा गट जुने आणि टिकाऊ असलेल्या जिल्ह्यात हा शब्द नसता तरच नवल. पैऱ्याआधी ज्या भेटीगाठी होतात त्या ‘जोडण्या’, पण त्यांच्यासाठी वेगळी चर्चा लागेल.

प्रश्नकर्ता : ‘पैरा’साठी ‘बाहेरून पाठिंबा’ किंवा ‘पुरस्कृत’ असे प्रमाण शब्द चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. बाहेरून पाठिंबा सभागृहात आणि जाहीरपणे दिला जातो. ‘पुरस्कृत’ उमेदवाराच्या मागे पक्षाचा उघड हात असतो. 2024 च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने माघार घेतल्यावर पक्षाने अपक्ष राजेश लाटकर यांना पाठिंबा दिला, ते याचे उदाहरण आहे. (हिंदीत ‘पुरस्कृत’ म्हणजे बक्षीस मिळालेला, म्हणून हिंदी मजकुरावरून भाषांतर करताना जपावे.) पैऱ्यात जाहीर काहीच नसले तरी चालते, परतफेड मात्र गृहीत असते, आणि हा आशय दुसऱ्या कोणत्याही शब्दात येत नाही. टिपणांत तो अवतरणचिन्हांशिवाय घ्यावा, ‘पैरा, पैऱ्याने, पैरा फेडणे’ अशी रूपे द्यावीत, आणि शेतातला अर्थ आधी सांगून मग निवडणुकीतला सांगावा, कारण शहरातल्या विद्यार्थ्यांनी भांगलण पाहिलेली नसते.