माल्टच्या मॅशसाठी आइसबॉक्स घ्यावा की पाण्याची कॅन?

मानेवाडा_ब्रेड

ब्रेडमध्ये घालायला जवाच्या माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) सिरप घरीच करायचं आहे. होमब्रूइंगवाले, म्हणजे घरी बिअर करणारे, आइसबॉक्सला नळ बसवून मॅश टन करतात; त्यात भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवतात (ही मॅश) आणि गोड रस नळातून काढतात. तीच पद्धत वापरणार आहे. एका वेळी ३ किलो माल्ट. पर्याय तीन दिसतात: लग्नकार्यात थंड पाण्यासाठी असते ती २० लिटरची गोल कॅन, २५ लिटरचा चौकोनी आइसबॉक्स आणि मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा डबा. ६५ अंश तासभर टिकायला हवेत. कोणतं घ्यावं? नळ आणि चाळणी कशी बसवायची? घरी बोअरचं पाणी आहे. ज्वारीच्या माल्टलाही हेच चालेल का?

लोहाओळी_फिटिंग

ताई, गोल कॅन घ्या. ३ किलो माल्टला ९ लिटर पाणी लागतं. एक किलो दाणा साधारण पाऊण लिटरला थोडी कमी जागा व्यापतो, म्हणजे सगळं मिळून ११ लिटर. कॅनचा आतला व्यास २८ सेंमीच्या आसपास असेल तर माल्टचा थर १८ सेंमी होतो. चौकोनी डब्यात तोच ११-१२ सेंमी पसरतो, धुण्याचं पाणी (दाण्यात उरलेली साखर काढायला वरून ओततात ते) सोपी वाट धरून नळाकडे पळतं आणि कोपऱ्यातली साखर तशीच राहते. शिवाय पातळ थराला झाकणाकडची उघडी बाजू मोठी, त्यामुळे उष्णताही लवकर जाते. थर्माकोलचा डबा नकोच. उकळत्या पाण्याच्या आसपास तो मऊ पडतो, थर्माकोलच्या दाण्यांमध्ये रस मुरतो आणि नळ घट्ट बसत नाही.

कंपनीच्या नावापेक्षा तीन गोष्टी पाहा. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा हवा, म्हणजे एचडीपीई किंवा पीपी प्लास्टिक; ६ असेल किंवा आकडाच नसेल तर ठेवून द्या. मग आतल्या भिंतीवर अंगठा दाबा. डबडब आत जात असेल तर अस्तर फोमला चिकटलेलं नाही आणि ७० अंशांचं पाणी ओतल्यावर ते फुगणार. शेवटी झाकण ठोकून बघा. भिंतीत पफ (उष्णता अडवणारा फोम) असूनही झाकण पोकळ, अशा कॅन बाजारात भरपूर आहेत. पोकळ झाकण वाईट नाही, वरून ५ मिमीची दोन छिद्रं पाडून स्प्रे फोम थोडा थोडा भरता येतो. एकदम भरला तर झाकण वाकडं होतं.

भोक पाडायच्या आधी चाचणी करा. ११ लिटर पाणी ६८ अंशांवर भरून झाकण लावा आणि तासाभराने मोजा. २ अंश उतरले तर उत्तम, ४ च्या वर उतरले तर ती कॅन परत करा. एकदा भोक पाडलं की दुकानदार घेणार नाही.

दाबायचा प्लास्टिकचा नळ काढून टाका, दाण्यांनी तो लगेच तुंबतो. त्याच जागी अर्धा इंची ३०४ स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह, बॅरल निपल (आट्यांचा छोटा पाइप), दोन चेकनट (तो आवळून धरणारे नट) आणि दोन्ही बाजूंना फूड-ग्रेड सिलिकॉनचे वॉशर. अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिमी असतो, जुनं भोक लहान असेल तर तेवढंच वाढवा.

सगळ्यात जास्त गळती इथे होते: चेकनट आवळला की मधला फोम दबतो, अस्तर आत खेचलं जातं, वॉशर तिरपा बसतो आणि रस भिंतीत उतरतो. तो बाहेर दिसत नाही, आठ दिवसांनी आंबूस वास येतो तेव्हा कळतं. म्हणून भिंतीच्या जाडीइतका स्टीलच्या पाइपचा तुकडा बाहीसारखा भोकात घाला आणि नट त्यावर आवळा. कापलेल्या फोमच्या कडेला फूड-ग्रेड सिलिकॉन भरून २४ तास सुकू द्या. हे सगळं नागपुरात इतवारीत लोहा ओळीत आणि आसपास मिळून जाते. पितळेचे नळ स्वस्त पडतात, पण पितळेत शिसं असू शकतं आणि मॅश आंबटसर असते. स्टीलच घ्या.

कॅनचा नळ तळापासून दोन-अडीच सेंमी वर असतो, त्यामुळे दीडेक लिटर गोड रस खालीच अडकतो. आतून एल्बो (काटकोनी जोड) लावून त्याचं तोंड तळापासून ५ मिमीवर आणा. टेफ्लॉन टेप नीट गुंडाळली तर नळी खालचा रसही ओढून घेते, हवा शिरली तर मात्र धार मध्येच तुटते.

भरड_६५

फिटिंगचं वर आलंच आहे. पण मॅश अडकते, म्हणजे रस खाली उतरत नाही, ती बहुतेक वेळा भरडीमुळे. चक्कीवाल्याला पीठ नको, भरड हवी असं स्पष्ट सांगा, पाट्यांमधलं अंतर वाढवून. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटावा आणि टरफल शक्यतो अख्खं राहावं, कारण खरी चाळणी टरफलांचीच असते. तळाशी बसवतात ती जाळी फक्त त्यांना धरून ठेवते. दळायच्या दहा मिनिटं आधी ३ किलोवर ६० मिली पाणी शिंपडून हाताने चोळा. टरफल लवचीक होतं आणि फाटत नाही. तरीही पीठ जास्त पडलं तर धानाचं तूस पाच-सहा पाण्यांत धुऊन दीडशे-दोनशे ग्रॅम मिसळा. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलांमुळे आपल्याकडे त्याची कमी नाही.

रस काढताना नळ आधी जेमतेम उघडा. एकदम उघडला की ओढीने थर दाबून बसतो आणि धार बंद होते. पहिला दोन-तीन लिटर रस गढूळ येईल. तो पळीवरून हळूच परत वर ओता, मग स्वच्छ येतो. धुण्याचं पाणी ७५-७७ अंश असावं. ८० च्या पुढे, त्यातही बोअरच्या पाण्यात, टरफलांचा तुरटपणा उतरतो.

मानेवाडा_ब्रेड

आणि कापडाची पिशवी वापरली तर नळाची भानगडच नको ना?

भरड_६५

३ किलोला चालते. पॉलिस्टरच्या बारीक जाळीचं, पडद्याचं कापड घ्या आणि पिशवी कॅनच्या तोंडापेक्षा मोठी शिवा, म्हणजे दाणे मोकळे राहतात. ओला माल्ट ६ किलोच्या आसपास भरतो, शिवण दुहेरी हवी. मलमल नको, लगेच चोंदते. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला पिशवीच. भोक नंतरही पाडता येते. ५ किलोवर गेलात की नळाशिवाय सोय नाही.

वैशाख_४५

माल्टवर ओतायच्या पाण्याच्या तापमानाबद्दल कोणी बोललं नाही, आणि नागपुरात ते ऋतूप्रमाणे बदलतं. एका किलोला ३ लिटर पाणी असेल तर सूत्र सोपं आहे: हवं ते तापमान वजा माल्टचं तापमान, गुणिले ०.१४, आणि ते हव्या तापमानात मिळवा. मे महिन्यात माल्ट ४२ अंशांवर असेल तर ६५ साठी पाणी ६८ अंशांचं. डिसेंबरच्या सकाळी माल्ट १५ अंशांवर असेल तर ७२. मे महिन्यातला आकडा थंडीत वापरला तर मॅश ६१-६२ वर अडकते. हे सूत्र कॅन आधीच गरम आहे असं धरतं, म्हणून २-३ लिटर ८० अंशांचं पाणी घालून, हलवून, दहा मिनिटांनी ओतून द्या. भांडं थंड ठेवून पाणी जास्त तापवू नका. ७० च्या वर बीटा-अमायलेज (माल्टमधलं स्टार्चची साखर करणारं एन्झाइम) झपाट्याने मरतं, आणि गोडवा देणारा माल्टोज मुख्यतः तेच बनवतं.

तासाभराने चमचाभर रस पांढऱ्या बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी १५-२० मिनिटं द्या. तो नमुना फेकून द्या.

बोअरचं पाणी १५ मिनिटं उकळून थंड करा आणि तळाचा पांढरा थर सोडून वरचं घ्या. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ हवा. पट्टीवर जास्त दिसला तर निंबूसताची चिमूट टाकून पुन्हा मोजा.

१२ लिटर रस १४ ब्रिक्सचा, म्हणजे वजनाने १४ टक्के विरघळलेल्या साखरेचा, आला तर त्यात १.८ किलो घन पदार्थ असतो, म्हणजे ८० ब्रिक्सचं सव्वादोन किलो सिरप. साडेदहा लिटर पाणी उडवायचं आहे, त्याला किलोभर गॅस सहज लागतो. पातेलं आधी रिकामं तोलून ठेवा, मग सिरप झालं की नाही ते वजनच सांगतं. शेवटचा अर्धा तास मंद आच आणि सतत ढवळणं, नाहीतर बुडाला लागून कडवट होतं. उकळल्याने एन्झाइम मरतात, त्यामुळे हे सिरप कणीक सैल करत नाही, फक्त रंग आणि गोडवा देतं.

ज्वारीचं गणित वेगळं आहे. तिचा स्टार्च ७० अंशांच्या आसपास आणि वर फुलतो, तोवर बीटा-अमायलेज संपलेलं असतं. नुसता ज्वारीचा माल्ट ६५ वर ठेवला तर आयोडीन काळंच दाखवत राहील. त्यापेक्षा साध्या ज्वारीचा दलिया, एकूण धान्याच्या पाव हिश्शापर्यंत, आधी मऊ शिजवा, ६५ अंशांपर्यंत निववा आणि जवाच्या माल्टमध्ये मिसळा. ज्वारीला टरफल नाही, तेव्हा तूस घालाच.

लोहाओळी_फिटिंग

एक राहिलं. हा रस यीस्ट घालून आंबवला तर ती बिअर होते, आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे त्याला परवाना लागतो. सिरपचा प्रश्न नाही, पण रस काढला की लगेच उकळा. उन्हाळ्यात रात्रभर राहिला तर आपोआप आंबतो. आणि नळ दर खेपेला खोलून धुवा, बॉलच्या मागे अडकलेलं पीठ नुसत्या पाण्याने निघत नाही.