कोल्हापूर तीन दिवस: सासूबाईंचे गुडघे, मुलाचे किल्ले, भाचीचा साज. सल्ला हवा

नागपूरची_सई
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं कोल्हापूरला येतोय: मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. आईंचे गुडघे दुखतात, पण अंबाबाईचं दर्शन त्यांना करायचंच आहे. मुलाच्या डोक्यात सध्या किल्ल्यांशिवाय काही नाही. नवऱ्याला तांबडा-पांढरा रस्सा पाहिजे, बाकी कुठेही न्या म्हणतो. खरेदीची यादी माझी. मार्चमध्ये भाचीचं लग्न आहे, तिला कोल्हापुरी साज द्यायचं ठरलंय. शिवाय घरात सगळ्यांना चपला आणि थोडा गूळ. गाडी आमचीच असेल. काय बघू, काय सोडू, आणि खरी चप्पल ओळखायची कशी? नेटवरच्या याद्या वाचून कंटाळले, सगळ्यांत तीच दहा ठिकाणं त्याच क्रमाने.

मंगळवार_पेठ
या की ताई, कोल्हापूर तुमचंच आहे. पहिली गोष्ट, गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि विसरून जा. देवळाच्या आसपास गाडी घालायचा नाद करू नका, महाद्वार रोडला अडकलात तर दर्शनाआधीच भांडणं होतील घरात. बिंदू चौकातून भवानी मंडपातून चालत देवळात. आईंना सावकाश चालवलं तरी जमेल, नाहीतर तेवढ्यापुरती रिक्षा.

मंगळवार, शुक्रवार आणि रविवार टाळा. बाकीच्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर रांग बरी असते. आईंना फार वेळ उभं राहवणार नसेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी आहे. देवी लांबून दिसते, पण दिसते. किरणोत्सव मात्र हुकणार तुमचा. तो नोव्हेंबरात होतो आणि मग थेट जानेवारीच्या शेवटी. देवी पश्चिमाभिमुख आहे, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पायांपासून वर चढत जातात. ते बघायला पुन्हा या.

दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. बहुतेक लोक चप्पल घालून पळतात. देवळाला बाहेरून एक फेरी मारा, भिंतींवरच्या शिल्पांसाठी. मग भवानी मंडप, जुना राजवाडा. तिथून खासबाग मैदान चालत. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान आहे, मुलाला दाखवाच. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. त्याबद्दल कोल्हापुरात कुणाला विचारू नका, जीव तुटतो.

पुणे३०_पण_मनाने_करवीर
न्यू पॅलेस चुकवू नका. १८७७ ते १८८४ या काळात बांधला, मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाने. काळ्या दगडातली इमारत आणि वर अष्टकोनी घड्याळाचा मनोरा. आत छत्रपती शहाजी म्युझियम आहे. मुलाला हत्यारं आणि पेंढा भरलेले वाघ आवडतील, पण खरा बघण्यासारखा आहे तो दरबार हॉल. काचेच्या रंगीत चित्रांमध्ये शिवचरित्र आहे. आत फोटो काढू देत नाहीत.

पेठेतला_आजोबा
न्यू पॅलेस सगळेच सांगतात. टाऊन हॉलचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तीही इमारत मँटचीच, भाऊसिंगजी रोडला. १९४५-४६ साली पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या वस्तू तिथे आहेत. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेचा ब्राँझचा छोटासा पुतळा त्यातला. समुद्र कुठे, कोल्हापूर कुठे! सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, तो घाट उतरून इथपर्यंत यायचा, याचा पुरावा आहे तो. सातवीतल्या मुलाला पेंढा भरलेल्या वाघापेक्षा हे जास्त लक्षात राहील. सोमवारी बंद असतं. आईंना बाहेर बागेत बसवा, झाडं मोठी आहेत, सावली आहे.

नागपूरची_सई
आजोबा, हे कुठल्याच यादीत नव्हतं! नक्की जाणार. पन्हाळ्याचं सांगा ना कुणीतरी. आईंना जमेल का?

पेठेतला_आजोबा
पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते, तेव्हा आईंची काळजी नको. वीसेक किलोमीटर आहे. आपली गादी कोल्हापुरात येण्याआधी राजधानी पन्हाळ्यावरच होती, ताराराणींच्या काळात. त्यामुळे राजधानी बघायची तर सुरुवात तिथूनच व्हायला पाहिजे, असं आपलं माझं मत.

वर पोचल्यावर तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी एवढं पुरे. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची कोठारं आहेत. गंगा कोठाराच्या आत उभं राहिलं की कळतं, किल्ला महिनोन् महिने वेढ्यात कसा तग धरायचा. मुलाला १६६० ची गोष्ट तिथेच सांगा. सिद्दी जौहरचा वेढा, जुलैचा पाऊस, महाराज निसटले, आणि त्यांच्या जागी पालखीत बसलेला शिवा काशीद. त्याचा पुतळा आहे गडावर, बाजीप्रभूंचाही आहे. पण पोरगं "पावनखिंड दाखवा" म्हणेल, ती पन्हाळ्यावर नाही. विशाळगडाच्या बाजूला आहे, बरीच लांब. आधीच समजावून ठेवा.

२०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये. त्यामुळे गर्दी धरून चाला. जेवण गडावरच करा, चुलीवरची झुणका-भाकर आणि दही. येताना जोतिबा करता येतो, पण तिथे पायऱ्या आहेत. आईंसाठी मी सोडून देईन.

चामडं_आणि_वादी
चपलांचं मी सांगतो, आमच्या घरात चार पिढ्या हेच काम. चप्पल लाईन शिवाजी चौकाजवळ आहे, देवळापासून चालत. सगळी दुकानं ओळीने. पहिल्या दुकानात घेऊ नका, तीन-चार दुकानं बघा.

ओळखायचं कसं? एक, शिवण. खऱ्या चपलेत तळ चामड्याच्या वादीने शिवलेला असतो, खिळा नसतो. उलटी करा आणि बघा, टाके दिसले पाहिजेत. दोन, वास. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला एक विशिष्ट वास असतो, केमिकलचा उग्र दर्प नसतो. तीन, कडा. तळाचे थर कडेवरून मोजता येतात. रबराचा किंवा फोमचा तळ असेल तर ती दिसायला कोल्हापुरी, बाकी काही नाही. दोन-तीनशे रुपयांत कुणी "अस्सल" म्हणून देत असेल तर रेक्झिन समजा.

प्रकार विचारा: कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी. नुसतं "कोल्हापुरी दाखवा" म्हटलं की दुकानदार ओळखतो पाहुणे आलेत. कापशी नाजूक असते, साडीवर छान दिसते. भाऊंना जाड तळाची करकर वाजणारी द्या, नागपुरात चार घरं आधी कळेल कोण येतंय.

नवी चप्पल पहिले काही दिवस चावणार. खोबरेल किंवा एरंडेल तेल लावा, रात्रभर ठेवा, घरात थोडी थोडी वापरा. पायाला किंचित घट्टच घ्या, चामडं सैल होतं. पाणी लावू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की कडक होऊन तडकते.

२०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. २०२५ मध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर आमच्यासारखीच चप्पल आणली आणि नाव घेतलं नाही, तेव्हा सगळ्या देशाला आमची आठवण झाली. असो. घासाघीस करा, पण हाताने शिवलेल्या जोडीवर फार ताणू नका ताई, एका जोडीला किती हात लागतात ते बघितलंत तर तुम्हीच दोन पैसे जास्त द्याल.

नागपूरची_सई
दादा, एवढं कुणी सांगत नाही, खूप खूप धन्यवाद. आईंचे पाय संध्याकाळी सुजतात. त्यांच्यासाठी काय?

चामडं_आणि_वादी
मग त्यांची संध्याकाळीच घ्या, पाय सुजलेले असताना. सकाळच्या मापाची घेतली तर पट्टा रुतेल. त्यांना घट्ट नको. मऊ पट्ट्याची आणि अंगठा नसलेली मागा. किंवा पहिल्याच दिवशी माप देऊन ठेवा आणि निघताना मिळेल का ते विचारा.

गुजरीवाली_वहिनी
साजासाठी गुजरीत जा, देवळाजवळच सराफांची पेठ आहे. पारंपरिक साजाला एकवीस पानं असतात: दहा दशावताराची, आठ अष्टमंगळाची, दोन पानड्या, एक लाल खड्याची आणि एक हिरव्या, आणि शेवटचं डोरलं. हल्ली कमी पानांचेही करतात, ते घेतलं तरी हरकत नाही, पण काय घेताय ते माहीत असू द्या.

महत्त्वाचं म्हणजे साजाचे मणी आणि पानं आतून पोकळ असतात, त्यात लाख भरलेली असते. वजन करताना लाखेसकट किती आणि निव्वळ सोनं किती हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. मजुरी वेगळी विचारा. हॉलमार्क बघा. माझ्या नणंदेला एका दुकानात लाखेचं वजन सोन्याच्या भावाने लावलं होतं, घरी आल्यावर कळलं. ओळखीतून गेलं होतं म्हणून विचारलं नव्हतं कुणी. ओळख असली तरी विचारा.

बजेट ताणलं जात असेल तर ठुशी किंवा चिंचपेटी बघा, मुली रोजच्या सणाला घालतात तरी. साज बऱ्याचदा लॉकरमध्ये जातो. भाचीला एकदा विचाराल का, तिला काय आवडतं? चांदीची पैंजणं हवी असतील तर हुपरी जवळ आहे, पण तिथला मुख्य धंदा घाऊक, एका जोडासाठी जाऊ नका, गुजरीतच मिळतील.

बावड्याचा_पोरगा
सगळं सांगून झालं, मिसळीचं कुणी बोलेना! फडतरे, उद्यमनगर. सकाळी लवकर जा, दुपारनंतर काही मिळायचं नाही.

मंगळवार_पेठ
नाव बावड्याचं आणि कौतुक फडतरेचं? बावडा मिसळ काय गुन्हा केली? देवळाजवळ आहात तर चोरगे, पाच मिनिटांत. ताई, इथे मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात, पाव मागून बसू नका. कट वेगळा देतात, आधी चाखा, मग ओता.

बावड्याचा_पोरगा
बावड्याची आम्ही घरी खातो ओ, पाहुण्यांना लांब कशाला पाठवायचं 😄 रस्सा कुठे ते भाऊंनी रिक्षावाल्याला विचारावं, त्याचं खानावळीचं मत ऐकण्यासारखं असतं. आणि रात्री गंगावेशीला दूध कट्टा. म्हशी समोर उभ्या, धार काढून ग्लासात. नागपुरात जाऊन सांगा.

नागपूरची_सई
तिसऱ्या दिवशी कणेरी मठ की खिद्रापूर? दोन्ही जमेल का?

पेठेतला_आजोबा
दोन्ही दोन टोकांना आहेत. कणेरीला ग्रामजीवनाचे पुतळे आहेत, लहान मुलांना आवडतात, तुमचं सातवीतलं आहे. खिद्रापूर. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ, कृष्णेकाठी. स्वर्गमंडपाला छताच्या जागी मधोमध गोल आकाश आहे, भोवती अठ्ठेचाळीस खांब. बाहेर खाली हत्तींची रांग, ती बसून बघा. शंकराच्या देवळासमोर नंदी का नाही, हे मुलाला शोधू द्या. जाताना नृसिंहवाडी वाटेवरच आहे, आईंचं दत्तदर्शन होईल, कवठाची बर्फी आणि पेढे घ्या. सकाळी निघालात तर चारला परत.

रंकाळा संध्याकाळचा एक तास. भेळ खा, या.

गुजरीवाली_वहिनी
गूळ राहिला की! डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळं जोरात. वाडीच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याला वाटेत धूर दिसला की थांबा, कुणी नाही म्हणत नाही. काहीलीत रस उकळतो, वरची मळी काढायला भेंडीचं पाणी घालतात. गरम काकवी चाखायला देतात. दुकानात घेणार असाल तर पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. तो रंग बहुधा पावडरीचा असतो. गडद तपकिरी घ्या, छोट्या ढेपेचा. आणि कांदा-लसूण मसाला नेणार असाल तर दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर भाचीच्या साजालाही वास लागेल.

नागपूरची_सई
वहिनी, मसाल्याचं लक्षातच नव्हतं. किती तिखट? आम्ही सावजी खाणारे आहोत म्हणून विचारते.

बावड्याचा_पोरगा
सावजीवाल्यांनी विचारू नये असं. एक किलो घ्या, कमी पडेल.