सत्यम : हिशेब राजूंनी खोटे लिहिले, पण होकार संचालक मंडळाचा होता

पायरीवरचा (धागा)

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या घोटाळ्याचा विषय निघाला की सगळ्यांना तिचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंचं ७ जानेवारी २००९चं कबुलीचं पत्र आठवतं. ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक निव्वळ कागदावर होती. वाघावर बसलोय, त्याच्या तोंडी न जाता उतरायचं कसं ते कळत नव्हतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मला मात्र त्याआधीची १६ डिसेंबर २००८ ही तारीख जास्त खुपते.

त्या दिवशी सत्यमच्या संचालक मंडळाने मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा ताब्यात घ्यायचा ठराव एकमताने मंजूर केला. किंमत सुमारे १.६ अब्ज डॉलर. सॉफ्टवेअर कंपनीने जमिनी आणि बांधकामात पैसा घालायचा, आणि तोही राजू कुटुंबाच्याच कंपन्यांमध्ये! मेटास हे नावसुद्धा सत्यमचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचून केलेलं. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन होते, माजी कॅबिनेट सचिव होते. अकलेचा तुटवडा नव्हता.

घोषणा झाल्यावर गुंतवणूकदारांनी असा गदारोळ केला की काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. बाहेरच्यांना नुसत्या घोषणेवरून जे दिसलं, ते हातात कागद असलेल्यांना दिसलं नाही? माझं मत स्पष्ट आहे: मालकाला अडवणं हे आपलं काम आहे असं त्या खोलीत कोणाला वाटलंच नाही. आणि हा दोष राजूंच्या दोषाखाली झाकला गेला.

ताळेबंद

अजिबात पटलं नाही. मी सीए आहे. स्वतंत्र संचालक (कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेला, बाहेरचा) वर्षातून चार-सहा बैठकांना येतो, समोर येतात ते ऑडिटरने सही केलेले आकडे. बनावट मुदत ठेवीची पावती त्याने कशी ओळखायची?

ओळखायचं काम ऑडिटरचं. बँकेला शिल्लक विचारणारं पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर थेट स्वतःच्या पत्त्यावर मागवायचं, हा नियम. आर्टिकलशिपमध्ये (सीए होण्याआधीच्या उमेदवारीत) मी एका कंपनीत ती पाकिटं तिथल्याच अकाउंटंटच्या टेबलावर ठेवून यायचो. आठवड्याने तोच गठ्ठा हातात द्यायचा, सगळ्यांवर शिक्के. एकही पाकीट पोस्टातून आमच्या ऑफिसात आलेलं नव्हतं, आणि मी गप्प राहिलो. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. सत्यममध्येही हेच झालं. पत्रं पाठवणं आणि उत्तरं घेणं ऑडिटरने कंपनीच्या व्यवस्थापनावर सोडलं होतं, असं अमेरिकेच्या एसईसीने (तिथल्या शेअर बाजार नियामकाने) २०११मध्ये नोंदवलं. इथे शेअर बाजार नियामक सेबीने २०१८मध्ये सत्यमचे ऑडिटर प्राइस वॉटरहाऊस यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, ती अपिलात २०१९ साली रद्द झाली. राग काढायचाच तर तिथे काढा.

दुसरा_शनिवार

ताळेबंद, पाकिटांचं पटलं. पण मेटासचा सौदा अडवायला बनावट पावत्या ओळखायची गरजच कुठे होती? विकणारा कोण आणि घेणारा कोण, एवढं कळलं तरी पुरे होतं.

मुळात ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच मतांवर हे संचालक निवडून येतात. सेबीने २०२१मध्ये सुचवलं होतं की प्रवर्तकांची (कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्यांची) मतं वगळून बाकीच्या भागधारकांचीही वेगळी मंजुरी लागावी. शेवटी फक्त विशेष ठरावाची (तीन चतुर्थांश मतांची) अट आली, २०२२पासून. खरं औषध कपाटातच राहिलं.

ओलीसुकी

सत्यमला हे औषध लागूच पडत नाही. घोटाळा बाहेर आला तेव्हा राजूंकडे ९ टक्केही शेअर नव्हते, आणि होते तेही गहाण टाकलेले. बाकीचे बड्या संस्थांकडे आणि सामान्य लोकांकडे. म्हणजे प्रवर्तकाची मतं वगळली असती तरी हेच संचालक निवडून आले असते. झोपले होते ते मोठे भागधारक. सप्टेंबर २००८मध्ये याच कंपनीला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता (नंतर काढून घेतला). सगळं जग टाळ्या वाजवत असताना चार-पाच संचालकांकडून काय अपेक्षा करायची?

पायरीवरचा

ओलीसुकी, ९ टक्क्यांचा मुद्दा बिनतोड आहे. मीही दुसरा_शनिवार यांच्यासारखाच विचार करत होतो, तो बदलावा लागेल. पण झोपले होते म्हणता तेच भागधारक त्या रात्री जागे झाले आणि सौदा मोडला!

ताळेबंद

मोडून काय साधलं? खड्डा कित्येक वर्षांचा होता. मंडळाने १६ तारखेला नकार दिला असता तरी ५,०४० कोटी परत येणार नव्हते.

पायरीवरचा

पैसे येणार नव्हतेच. पण राजूंनी पत्रात काय लिहिलंय बघा: मेटासचा सौदा हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणायचा शेवटचा प्रयत्न होता. कागदावरची रोकड 'देऊन' खऱ्या जमिनी घ्यायच्या, की ताळेबंद जुळला. मंडळाच्या होकारावर गोष्ट थांबली असती तर खड्डा बुजून वर गवत उगवलं असतं, आणि तुमच्या ऑडिटरलाही शोधायला काही उरलं नसतं. राजूंना २०१५मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, ती तरी झाली असती का?

ताळेबंद

हा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता. त्या ठरावापुरतं मंडळ चुकलं, मान्य. पण २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १४९(१२) वाचा. स्वतंत्र संचालक जबाबदार ठरतो तो मंडळाच्या कामकाजातून त्याला कळलेल्या आणि त्याची संमती असलेल्या गोष्टीसाठी, किंवा त्याने दक्षता घेतली नाही म्हणून. ही ढाल काढली तर मंडळावर यायला कोणी तयार होणार नाही. सत्यमनंतर शेकडो जणांनी राजीनामे दिलेच होते.

दुसरा_शनिवार

ढाल राहू दे. पण 'दक्षता घेतली नाही' हे शब्दही त्याच कलमात आहेत ना? १६ डिसेंबरची बैठक त्यात बसते की नाही, एवढंच सांगा.