पालखी दारावरून पुढे जाते तेव्हा: गावकीचा धाक हवा की नको?

चाकरमानी : यंदाही शिमग्याला आमच्या दारी गावदेवीची पालखी आली नाही. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वराकडे. चुलत भावाने ४ वर्षांपूर्वी परजातीतली मुलगी केली. गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, बैठकीत काकांना दंड सांगितला, वर सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, नारळ ठेवून माफी मागायला सांगितली. काका म्हणाले, दंड भरतो, पण माफी कशाची मागू? तेव्हापासून आमची वर्गणीसुद्धा घेत नाहीत. काकी मात्र दरवर्षी अंगण सारवते, रांगोळी घालते आणि ओटीचं ताट भरून पडवीत बसून राहते. यंदा खांदेकऱ्यांनी नेमका आमच्या बेड्याशीच, म्हणजे अंगणाच्या फाटकाशीच, खांदा बदलला. पालखीतली देवीची रूपं पडवीतून दिसत होती. मग ढोल पुढे सरकला. काकीने ताटातले तांदूळ मुकाट्याने डब्यात ओतले. देवी सगळ्या गावाची असेल, तर तिने कुणाच्या दारी जायचं हे बैठकीने का ठरवावं?

सड्यावरचा : वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही सणाला चार दिवस येता, आम्ही बारा महिने इथे काढतो. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या आजीला रात्री फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं. आमच्या वाडीत गाडी येत नाही. एका हाकेला वीस माणसं उठली आणि झोळीत घालून, पऱ्या (ओढा) ओलांडून तिला रस्त्याला लावली. आजी वाचली. पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, श्रमदानाने बांधली ती गावकीने, दारूचा गुत्ता उठवला तोही गावकीनेच. अर्ध्या घरांना कुलपं आहेत. उरलेल्यांवर धाक राहिला नाही, तर हाकेला कोण येणार?

चाकरमानी : दादा, उद्या माझ्या काकीला फुरसं चावलं तर येतील ती वीस माणसं?

माहेरवाशीण : धाक कुणाचा आणि कुणावर, तेही बोला. आमच्या बैठकीत बाई बसत नाही. दंड सांगतात पुरुष, आणि वाळीत टाकल्याचे चटके बसतात बाईला. विहिरीवर गेलं की बोलणं थांबतं, हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. माझ्या आईने दोन वर्षं काढली असली. शेवटी तिनेच वडिलांच्या पाया पडून त्यांना माफी मागायला लावली. चूक आमची नव्हती, हे त्यांना शेवटपर्यंत डाचत राहिलं.

कोर्टाची पायरी : अहो, कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला धार्मिक कार्यातून बाजूला ठेवणंही त्यात येतं. काकांनी तक्रार द्यावी.

रूढीप्रिय : देवाच्या कामात पोलीस नकोत. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनाबाह्य ठरवला. समाजाला आपली शिस्त ठेवण्याचा हक्क आहेच की.

कोर्टाची पायरी : तो निकाल धर्मगुरूच्या अधिकारापुरता होता, आणि त्याचाही फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये प्रकरण नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलंय. इथे कोणता धर्मगुरू आहे? दोन सज्ञान माणसांनी लग्न केलं, एवढंच.

चाकरमानी : तक्रारीचं मीही बोललो. काका ऐकत नाहीत. म्हणतात, ज्यांच्याबरोबर लावणी केली त्यांना जेलात कसं घालू? आणि घातलं, तर पालखी येईल, पण मागून माणसं येतील का? त्यांना दारात सगळा गाव हवाय.

रूढीप्रिय : मग एक नारळ ठेवायला काय जातं?

माहेरवाशीण : त्या सुनेचा मान जातो. ती घरात आली हाच गुन्हा, असं तिच्या सासऱ्याने देवीसमोर कबूल करायचं? काका अडून बसले ते बरोबर केलं.

सड्यावरचा : चाकरमानी, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे. तुमचं गाव माझं नाही, पण आमच्या वाडीतही एक घर असंच बाहेर आहे. त्यांच्याकडे रात्री हाक आली तर मी जाईन. बाकीच्यांचं खात्रीने सांगत नाही. आणि खरं सांगायचं, तर बैठकीत त्यांच्या बाजूने मी अजून तोंड उघडलेलं नाही. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. मांडवाला माणसं लागतात.