पंचम जॉर्जच्या रुपयांचा संच (१९११ ते १९२२): सगळी नाणी एकाच ग्रेडची घ्यावीत का?

नाणेवेडी_पुणे
नमस्कार मंडळी. लक्ष्मीपूजनाच्या बटव्यात राजाछाप चांदीचे काही रुपये निघाले आणि तेव्हापासून संच पुरा करायचं डोक्यात बसलंय. नुसती वर्षं धरली तर १२ नाणी, मुंबई आणि कलकत्ता टांकसाळी वेगळ्या धरल्या तर २२. सध्या १२ च. घोळ असा की १९१७ आणि १९१९ चे रुपये कोरे करकरीत आहेत, १९१३ मधल्या राजाच्या मिशा गुळगुळीत झाल्यात, आणि १९१४ चा कुणीतरी दर दिवाळीला चिंचेने इतका घासलाय की नव्या स्टीलच्या वाटीसारखा दिसतो. अल्बममध्ये शेजारी शेजारी ठेवले की डोळ्यांना खुपतं. सगळे व्हीएफ (मध्यम झीज) ग्रेडचे ठेवू, की मिळतील तेवढे यूएनसी (न वापरलेले, कोरे) घेऊन बाकीच्यांत तडजोड करू? बजेट शिक्षिकेच्या पगारातलं. १९११ आणि १९२२ अजून घ्यायचेत.

सराफकट्टा
ताई, उलट्या टोकाने सुरू करा. सोपी वर्षं चांगल्या अवस्थेत घ्यायची आणि अवघड वर्षांसाठी मग हात आखडायचा, इथेच बहुतेकांचे संच बिघडतात. आधी १९११ आणि १९२२ कुठल्या अवस्थेत परवडतात ते बघा. जो ग्रेड तिथे झेपेल तोच पूर्ण संचाचा.

१९१७ ते १९२० यूएनसीमध्ये मिळणं हे काही कौतुक नाही. पहिल्या महायुद्धात चांदीच्या रुपयाची एवढी मागणी झाली की अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. एकट्या मुंबईने १९१८ साली २० कोटींच्या वर रुपये पाडले. त्यातले कितीतरी थेट हंड्यात आणि तिजोरीत गेले, म्हणून आजही ताजे निघतात. १९२२ चे मात्र २० लाखांच्या आसपासच, तेही फक्त मुंबईचे. १९२१ सुद्धा फक्त मुंबईचा, त्याच्याकडेही दुर्लक्ष नको.

१९११ ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून १९१२ पासून हत्ती सुधारला. ९० लाखांहून जास्त पाडले होते, बाजारात आले ७ लाखांच्या घरात, उरलेले वितळवले. तो घेताना हत्तीच बघायचा असतो, त्यामुळे तो झिजलेला असेल तर पैसे कशाचे मोजले? माझं मत, संच एक्सएफमध्ये (व्हीएफच्या वरची पायरी, थोडीच झीज) करा.

आणे_पै
कट्टाशेठ, तत्त्व बरोबर, पण सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजायचा हट्ट कशाला? अवघड वर्ष एक पायरी खाली चालतं. दहा एक्सएफ आणि दोन चांगले व्हीएफ यात कुणाला काही खटकत नाही. यूएनसीच्या शेजारी फाइन (व्हीएफच्याही खालचं) मात्र खटकतं.

आणि नुसतं 'व्हीएफ' म्हणून भागत नाही. ग्रेडिंगच्या १ ते ७० च्या मापात व्हीएफ २० पासून ३५ पर्यंत पसरलाय. व्हीएफ २० आणि व्हीएफ ३५ शेजारी ठेवा, एकाच ग्रेडचे आहेत असं कुणी म्हणणार नाही. विक्रेत्याने पाकिटावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि स्वतः बघा. या रुपयावर भुवई, मिशी, कान आणि मुकुटाचा पट्टा बघायचा. मिशी सपाट पण अंगरख्यावरची नक्षी बरीचशी वाचता येते, तर व्हीएफ. उंच जागांची फक्त टोकं गेलीत आणि अक्षरांच्या खाचांत थोडी चमक अडकून राहिलीय, तर एक्सएफ. चमक जवळपास सगळीकडे आहे, फक्त गालावर आणि भुवईवर राखाडी छटा आलीय, तर एयू (यूएनसीच्या जेमतेम खालचा).

आणखी एक. ठसा मुळातच कमजोर उमटलेला असू शकतो, ती झीज नव्हे. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवा. सपाट जागेवरूनही चमक सलग फिरत गेली तर ठसा कमजोर, चमक तिथेच तुटली तर झीज.

नाणेवेडी_पुणे
हे तिरकं फिरवायचं लगेच करून पाहिलं, १९१७ खरंच पास! मग १९१४ चं काय करू? झीज फारशी नाही, एक्सएफच म्हणता येईल.

सराफकट्टा
तो परत बटव्यात ठेवा आणि दिवाळीला पुजा. संचात नको. चिंच, राख, पितांबरी, काहीही लावलं की वरचा मूळ थर जातो आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात. ग्रेड ठरवून देणाऱ्या कंपन्यांकडे गेला तर आकडी गुण न देता 'साफ केलेला' असा शेरा मिळेल. माझ्या लेखी एखादी पायरी खालीवर चालेल, पण मूळ कातडीच्या नाण्यांत एक घासलेलं अजिबात नको. आणि कृपा करून बाकीचे त्याच्यासारखे दिसावेत म्हणून घासू नका. मागे एका प्रदर्शनात अख्खा संच असा 'एकसारखा' केलेला पाहिला, पोटात गोळा आला.

दागिन्यासाठी लावलेली कडी काढल्याची खूण असलेले रुपयेही टाळा. कडेवर १२ वाजण्याच्या जागी बोट फिरवून बघा.

दूरदेशी_एडिसन
इतका खल कशाला, सगळे एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांकडून प्लास्टिकच्या डब्यांत घालून घ्या. मी येतोय डिसेंबरात, परतताना घेऊन जाईन, इथून अमेरिकेतूनच ग्रेडिंगला पाठवू.

आणे_पै
दादा, थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षं झालेलं नाणंही येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. ताईंचा अख्खा संच १०० ओलांडून गेलाय. विमानतळावर बॅग उघडली तर १९२२ च्या रुपयाचा ग्रेड कस्टमवाले ठरवतील.

शिवाय १९१८ सारख्या मुबलक नाण्याला ग्रेडिंगच्या खर्चात घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. घ्यायचेच असतील तर १९११ आणि १९२२ आधीच डब्यात असलेले घ्या.

दुदांडी
आमच्या शिवराईवाल्यांना (शिवाजी महाराजांच्या नावाची नाणी जमवणाऱ्यांना) हे वाचून हेवा वाटतो. हाताने ठोकलेलं तांबं, साचा मोठा आणि चकती लहान. 'श्री राजा शिव' पूर्ण बसलं तर मागचं 'छत्रपति' कडेला कापलेलं. झिजेचा ग्रेड आम्ही शेवटी बघतो, आधी अक्षरं किती आली ते. चालू द्या.

नाणेवेडी_पुणे
दुदांडी :)
ठरलं तर मग: एक्सएफ, मूळ कातडीचे, १९११ आणि १९२२ चालले तर व्हीएफच्या वरच्या टोकाचे. १९१७ आणि १९१९ यूएनसी आहेत ते बदलून एक्सएफ घेऊ का, की राहू देत?

सराफकट्टा
राहू देत, पण वेगळ्या पाकिटात. संचासाठी त्याच वर्षांचे एक्सएफ किरकोळीत मिळतील. पाकिटं पीव्हीसीची नकोत, त्यातून चांदीवर हिरवा चिकट थर चढतो.

१९२२ घेताना वजन करूनच घ्या. ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा (हल्लीचा १० ग्रॅमचा नव्हे), कुठल्याही सोनाराच्या काट्यावर कळेल. झिजेने किंचित कमी भरेल, पण ११ च्या खाली आला किंवा जास्त भरला तर उठून या. मुंबईचाच असल्यामुळे मागच्या बाजूला सालाखालच्या फुलाशी बारीक ठिपका हवा. ठिपका नसेल तर शेवटचा २ भिंगातून नीट बघा, तो कोरलेला असू शकतो. फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचे आणि कडेचाही, मग पैसे द्या.